घंटीवर नाव नाही

"एक वायर भिंतीत, एक विजेला, झालं. लावा आणि विसरून जा," असं दुकानदार म्हणाला होता. त्याच्या काय बापाचं जातंय म्हणायला! इम्के थामसेन मंगळवारी सकाळपासून पॅसेजमध्ये जमिनीवर बसून त्या काळ्या डबड्याकडे बघत होती, आणि डबडं तिच्याकडे बघून हिरवा डोळा मिचकावत होतं. मोडेम आणि राउटर, दोन्ही एकाच पोटात. कंपनी आपलं डबडं भाड्यानं द्यायला तयार होती, पण इम्केला वाटलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचं घर केलंय, तर निदान एवढं तरी स्वतःचं असावं. हौस! आता भोगा.

माहितीपुस्तिका म्हणत होती की दिवा मिचमिचतो म्हणजे यंत्र लाइन शोधतंय, आणि स्थिर झाला की लाइन सापडली. सापडणार कुठून? तळघरात कंपनीचा लाइनमन येऊन तारा जोडणार, मग लाइन. तो येणार आठ ते दोनच्या मध्ये कधीतरी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण डबडं आपलं शोधतच होतं. इम्केनं वायर काढून परत लावली. भिंतीवरच्या खोक्याला तीन भोकं होती, तिन्हींत घालून बघितली. एका भोकात ती बसतच नव्हती, तिथंही जोर करून झाला. सकाळची कॉफीसुद्धा तिनं जीव मुठीत धरून दळली, कारण त्या घरघरीत दारावरची घंटी ऐकू आली नाही तर?

घंटी चुकवून चालणारच नव्हतं. परवा गुरुवारी दुपारी तीन वाजता तिला बापाच्या वतीनं डॉक्टरशी बोलायचं होतं, तेही या डबड्यातून. बाप डेटलेफ रोस्टोकला, समुद्रकाठी. ही इथं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या खोऱ्यात. डेटलेफ जन्मापासून बहिरा. आईही तशीच होती, ती जाऊन काही वर्षं झाली. घरातलं सगळं बोलणं हातांनी. ऐकू येणारी एकटी इम्के, म्हणून दुधाचे दात पडायच्या आधीपासून बँकेत, दवाखान्यात, घरमालकापुढे आईबापांचं बोलणं तिच्या तोंडून व्हायचं.

आता म्हाताऱ्याच्या हातांची शेवटची दोन-दोन बोटं तळव्याकडे वळत चालली होती. कातडीखालची दोरी आखडते, बोटं ओढली जातात. त्या किनाऱ्यावर बऱ्याच म्हाताऱ्यांना होतं. ऐकणाऱ्या माणसाचं फार तर हातमोज्यात अडतं. डेटलेफचं बोलणंच बोबडं व्हायला लागलं होतं. उजव्या हाताच्या शस्त्रक्रियेसाठी त्यानं मोठी वाट बघून तारीख मिळवली होती, आणि त्याआधी डॉक्टरीण गुरुवारी सगळं समजावून, धोके सांगून सही घेणार होती. रुग्णाला कळलं नाही तर सही नाही, सही नाही तर तारीख दुसऱ्याला. इस्पितळानं हातवाऱ्यांची भाषा येणारी दुभाषी देऊ केली होती. म्हाताऱ्यानं ती साफ उडवून लावली.

"परकी बाई माझ्या हातांत नाक खुपसणार? माझं बोलणं माझी पोरगी बोलते," तो रोस्टोकच्या स्वयंपाकघरात हातांनी म्हणाला होता.

"पापा, मी तिथं नसेन. मला तिकडे नोकरी लागली आहे."

"लाकडी बाहुल्यांना रंग फासायची नोकरी. माहीत आहे. मग पडद्यावरून बोल. फुटबॉल येतं पडद्यावरून, तू नाही येणार?"

तर असं हे घोडं अडलं होतं. या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. घरात तर नाहीच नाही. जिन्याच्या मधल्या खिडकीत, काचेला कपाळ टेकवून उभं राहिलं तर एक काडी येते. तिच्यावर फोन लागतो, निरोप जातो. चित्र काही हलत नाही. गेल्या आठवड्यात इम्के बसनं शहरात जाऊन तिथल्या स्टेशनवरून पडद्यावर बापाशी बोलून आली होती. चित्र तुटत होतं. "हे तुझे हात आहेत की रव्याची लापशी?" म्हातारा म्हणाला आणि त्यानं बंदच केलं.

दोन वाजले. कोणी आलं नाही. इम्के खिडकीत जाऊन उभी राहिली तर काडीबरोबर कंपनीचा निरोप आला: "आमचा तंत्रज्ञ आपल्याकडे येऊन गेला. ग्राहक भेटला नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा तास पॅसेजमध्ये बसून पाय बधिर झाले होते, आणि म्हणे भेटला नाही! तिनं कंपनीला फोन लावला. आधी यंत्र बोललं: आपली अडचण एका वाक्यात सांगा.

"तुमचा माणूस आलाच नाही!"

"आपल्याला नवीन जोडणी हवी आहे. बरोबर?"

"नाही! माणूस हवा आहे मला, माणूस!"

खूप वेळ पियानो वाजला आणि मग एक बाई फोनवर आली. आवाज शांत, अगदी चीड येण्याइतका शांत. "फ्राऊ थामसेन, आमचा माणूस सकाळीच तिथं होता. घंटीवर तुमचं नाव नाही."

"आहे. मी स्वतःच्या हातानं लावलंय."

"त्यानं फोटो पाठवलाय. पाच घंट्या, चार नावं."

"मग फोन करायचा ना त्यानं!"

"केला होता. लागला नाही."

"अहो, लागत नाही म्हणून तर लाइन मागितली!" इम्के इतक्या जोरात ओरडली की खाली कोणाचंसं कुत्रं भुंकायला लागलं. "नाही, थांबा. फोन ठेवू नका. मी खाली जाऊन बघते."

तिनं फोन खिडकीच्या कट्ट्यावर उताणा ठेवला आणि जिना उतरून दाराबाहेर गेली. चार घंट्यांवर चार पितळी पाट्या चकचकत होत्या. पाचवीवर, जिथं तिनं शनिवारी छान अक्षरात नाव लिहून कागदाची पट्टी चिकटवली होती, तिथं काही नव्हतं. गोंदाचा डागसुद्धा नव्हता. कोणीतरी स्पिरिटनं पुसून काढलं होतं. ती पाय आपटत परत वर आली, आणि खिडकीसमोरचं दार उघडलं.

दारात हेर नेस्टलर, म्हणजे शेजारचे नेस्टलर साहेब, उभे होते. पंचाहत्तरी ओलांडलेले, लोकरी बंडी, पायात सपाता, चेहरा इस्त्री केलेला. जिना कोणी कधी पुसायचा, सायकल कुठं ठेवायची, काचेच्या बाटल्या कुठल्या वेळी टाकायच्या, हे या घरात तेच ठरवतात. त्यांना कोणी नेमलेलं नाही, पण काढायची कोणाची छाती नाही.

"फ्राऊ थामसेन, एक ते तीन या घरात शांतता असते."

"हेर नेस्टलर, घंटीवरची माझी पट्टी कोणी काढली?"

"मी," ते म्हणाले. लाज ना शरम. "चिकटपट्टी होती. शिवाय तिरकी. तुमच्या पत्रपेटीत ठेवली आहे, घडी न घालता. या घरात पितळी पाट्या असतात. व्यवस्थापनाकडे अर्ज करायचा, सहा आठवड्यांत येते."

"आणि सहा आठवडे मी कोण? भूत?"

"तुमच्या आधीच्या भाडेकरूंनी वाट बघितली होती."

मग मात्र इम्केचा बांध फुटला. तिनं हेर नेस्टलरना सगळं ऐकवलं: बाप बहिरा आहे, त्याची बोटं वळलीत, गुरुवारी डॉक्टरीण आहे, दुभाषी तो घेत नाही, लाइन नाही तर मी नाही, मी नाही तर सही नाही, आणि तुम्ही इथं स्पिरिटचा बोळा घेऊन फिरताय! म्हातारपणी माणसाला दुसरे उद्योग नसतात का? शेवटचं वाक्य तिनं हातांनीही बोलून टाकलं, लहानपणची खोड, रागावली की दोन्ही भाषा एकदम सुटायच्या. हेर नेस्टलर त्या हातांकडे बघत राहिले.

"हे आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"कोणाला? घंटीला?"

"फ्राऊ थामसेन," कट्ट्यावरून बारीक आवाज आला. ती कंपनीची बाई अजून होती, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. इम्केनं फोन उचलला. "पुढची तारीख तशी तीन आठवड्यांनंतरची आहे. पण आमचा माणूस चारपर्यंत तुमच्याच खोऱ्यात आहे. मी त्याला परत पाठवते. फक्त घंटीवर नाव हवं. नावाशिवाय तो घरात पाय ठेवणार नाही, नियम आहे."

इम्केनं फोन खाली केला आणि हेर नेस्टलरकडे बघितलं. हेर नेस्टलरनी छताकडे बघितलं.

"चिकटपट्टी नाही," ते म्हणाले. "आज तुम्ही लावली की उद्या सगळे लावतील. पण मी खाली उभा राहतो. माणूस आला की सांगतो, फ्राऊ थामसेन दुसऱ्या मजल्यावर डावीकडे राहतात. पाटीपेक्षा ते चांगलं." आणि खरोखरच ते सपाता काढून, बूट घालून, टोपी चढवून खाली दारात जाऊन उभे राहिले. वारा बोचरा होता. इम्के त्यांच्या मागे जिन्याच्या पायरीवर बसली. एवढी माणुसकी आहे तर एक कागदाचा तुकडा लावू द्यायला काय होतं या माणसाला, हे तिला काही केल्या कळेना.

लाइनमन आला तो गाडीतून उतरतानाच वैतागलेला होता. तो सरळ घंट्यांपाशी गेला, वाकून बघितलं आणि वळला.

"नाव नाही."

"फ्राऊ थामसेन दुसऱ्या मजल्यावर डावीकडे राहतात," हेर नेस्टलर म्हणाले.

"राहत असतील. घंटीवर नाहीत."

"मी सांगतोय ना. मी या घरात तीस वर्षं राहतो."

"तुम्ही घंटीवर आहात. त्यांचं काय?"

"अहो, मी इथं जिवंत उभी आहे!" इम्के म्हणाली. "ओळखपत्र दाखवू?"

"ओळखपत्राचा फोटो काढायची परवानगी नाही मला. घंटीचा काढायचा. तो नसला तर कामाचे पैसे माझ्या हातात पडत नाहीत. मी पण काही हौसेनं नाही करत, बाई."

दोन्ही नियम समोरासमोर उभे होते आणि मध्ये इम्केचा जीव टांगणीला लागला होता. लाइनमननं गाडीची किल्ली काढली. हेर नेस्टलरच्या मानेची शीर हलली. "थांबा," ते म्हणाले. ते इम्केच्या पत्रपेटीपाशी गेले, फटीतून दोन बोटांनी ती पट्टी काढली, वर घरी गेले आणि चिकटपट्टी, कात्री आणि सुताराची पाणपातळी घेऊन खाली आले. पट्टीच्या कडा त्यांनी कापून सरळ केल्या. मग पातळी लावून, बुडबुडा मधोमध आल्यावरच, पट्टी चिकटवली. लाइनमननं फोटो काढला. हेर नेस्टलरनी त्या वेळी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

तळघरातलं काम म्हणाल तर कपभर कॉफी निवायच्या आत झालं. एवढ्यासाठी एवढं रामायण! वर डबड्याचा हिरवा डोळा मिचमिचायचा थांबला आणि स्थिर झाला. इम्केनं त्याला एक चापटी मारली. मग तिचं लक्ष शेजारच्या दुसऱ्या दिव्याकडे गेलं. तो काही लागला नव्हता.

लाइन आली होती. इंटरनेट आलं नव्हतं. त्यासाठी कंपनीच्या पत्रातले आकडे डबड्यात भरायचे होते: आधी एक लांब आकडा, त्याला जोडून दुसरा, त्याला जोडून तिसरा, मध्ये जागा न सोडता, आणि शेवटी परवलीचा आकडा. कंपनीचं डबडं असतं तर त्यानं आपलं आपण केलं असतं. स्वतःचं आहे ना, मग करा स्वतः. आणि ते पत्र होतं रोस्टोकला. इकडे पत्रपेटीवर नाव लागेल की नाही कोण जाणे, म्हणून शहाणपणा करून इम्केनं बापाचा पत्ता दिला होता.

बुधवारी सकाळी ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि बापाला निरोप पाठवला. पत्राचा फोटो त्यानं पाठवला, पण तो त्या एका काडीवर अर्ध्यात लटकला आणि तिथंच मेला. मग त्यानं आकडे लिहून पाठवले. इम्के वर धावली, भरले. डबडं म्हणालं, चूक. परत भरले. चूक. ती खाली आली.

"पापा, नीट बघून पाठव."

त्यानं परत पाठवले. परत चूक. शून्यांची नुसती रांग होती, बघून डोळे फिरायचे. तिसऱ्यांदा पाठवले तेव्हा खाली टोमणाही होता: "मी चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. चष्मा तू लाव."

"माझे डोळे धड आहेत!"

"मग डोकं बघून घे."

पुढच्या खेपेला डबड्यानं दारच लावून घेतलं: फार वेळा चुकलात, एक तासानं या. इम्केनं कंपनीला फोन केला. कालची बाई नव्हती, आज एक बुवा होता. आकडे फोनवर सांगता येत नाहीत म्हणे, माहितीची गोपनीयता. नवीन पत्र पाठवतो, आठवड्याभरात येईल. आणि राउटर आमचा आहे का? नाही? मग त्याबद्दल आम्ही काहीच बोलू शकत नाही. "आकडे माझे, घर माझं, बाप माझा," इम्के म्हणाली, "आणि गोपनीय कोणापासून, माझ्यापासून?" बुवानं तिला दिवस चांगला जावो म्हटलं. तिनं फोन ठेवला आणि खिडकीच्या चौकटीवर डोकं आपटलं.

हेर नेस्टलरचं दार किलकिलं झालं. "दिवा लागला?"

"नाही. तुमच्याकडे इंटरनेट आहे का हो?"

"देवाची कृपा, नाही."

तिनं हात टेकले. संध्याकाळपर्यंत ती वर-खाली करत राहिली. दर वेळी आकडे, दर वेळी चूक, दर वेळी म्हाताऱ्याचा नवा टोमणा, आणि शेवटी तिनंही रागाच्या भरात लिहून टाकलं: "तुला परकी दुभाषी नको, माझी नोकरी नको, माझं घर नको. तुला फक्त मी तुझ्या दारात बांधलेली हवी!"

गुरुवारी सकाळी तिनं फोनवरचे ते सगळे निरोप एकाखाली एक लावून बघितले, कोणता खरा ते ठरवायला. आणि मग तिला दिसलं की सगळे वेगळे होते. एका निरोपात जिथं दोन शून्यं होती तिथं दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. बाकी आकडे जिथल्या तिथं होते. शून्यं तेवढी वाढत होती. आकड्यांच्या पाटीवर शून्य सगळ्यात खाली असतं. इम्केनं स्वतःच्या हाताची शेवटची दोन बोटं मुडपून घेतली आणि एका बोटानं फोनवर लिहून बघितलं. मुडपलेलं बोट खाली पडद्याला घासलं आणि आपोआप एक शून्य उमटलं.

सबंध दिवस ती त्याला वेंधळा म्हणत होती. आणि ज्या माणसानं जन्मात चुकीचा खिळा लावला नाही, तो समुद्रकाठच्या स्वयंपाकघरात बसून पुन्हा पुन्हा तेच आकडे लिहीत होता, दर वेळी बरोबर आहेत अशी खात्री करून.

तिनं बेतानं लिहिलं: "पापा, तुझं मुडपलेलं बोट पडद्याला लागतंय. शून्यं जास्त पडतायत. डाव्या हातानं लिहून बघ ना."

बऱ्याच वेळानं उत्तर आलं: "डावा तरी कुठं धड आहे?"

असं तो कधी म्हणाला नव्हता. बोटांबद्दल विचारलं की "थंडी आहे" म्हणायचा, नाहीतर "तुझं नाक बघ आधी". इम्केनं लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. त्यावर तिकडून काहीच येईना. दुपार व्हायला लागली. आता बसनं शहरात जायचं म्हटलं तरी तीनच्या आत पोचणं शक्य नव्हतं. ती खिडकीत उभीच होती, आणि फोन वाजला. रोस्टोकचाच नंबर, पण ओळखीचा नाही.

"तुम्ही इम्के का?" बाईचा आवाज, जरा घाबरलेला. "मी फ्राऊ बुरमाइस्टर. तुमच्या वडिलांच्या खालच्या मजल्यावर राहते. ते माझ्या दारात उभे आहेत. हातात एक पत्र आहे, आणि एका चिठ्ठीवर हा नंबर, खाली लिहिलंय, कृपया माझ्या मुलीला हे वाचून दाखवा. मी काही चुकीचं तर करत नाही ना?"

"नाही," इम्के म्हणाली. त्या बाईला जिन्यात रोज नुसती मान हलवणारा बाप, परक्या माणसाकडून घडीचं कामसुद्धा न घेणारा बाप, तिच्या दारात पत्र घेऊन उभा होता. "नाही हो, काही चुकीचं नाही. वाचा. सावकाश वाचा."

लिहून घ्यायला जवळ काही नव्हतं. ती दार वाजवणार तोच हेर नेस्टलरनी आतून दार उघडलं; त्यांना या घरातलं सगळं ऐकू येतं. त्यांच्या हातात चौकटीचा कागद आणि टोकदार पेन्सिल होती. इम्के आकडा बोलली की ते एका चौकटीत एक आकडा मांडायचे, आणि मग "पुढे" म्हणायचे. शेवटी त्यांनी सगळं परत वाचून घ्यायला लावलं. फ्राऊ बुरमाइस्टरनी परत वाचलं, आणि म्हणाल्या, "तुमचे वडील विचारताहेत, म्हणजे खुणेनं, की झालं का? काय सांगू?"

"अंगठा वर करून दाखवा."

दुसरा दिवा लागला तेव्हा इम्केच्या अंगात आनंद करण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तिनं घाईघाईनं केस बांधले, दिवा मागून न येता समोरून येईल अशी खुर्ची फिरवली, काळा सदरा घातला म्हणजे हात स्पष्ट दिसतील. आणि तीनला पडद्यावर इस्पितळातली एक पांढरी खोली आली. टेबलाशी डॉक्टरीण होती, तरुण, मोठ्या चष्म्याची. आणि तिच्या शेजारी, चांगला कोट घालून, डेटलेफ थामसेन. चित्र स्वच्छ होतं. त्याच्या हनुवटीवर दाढी करताना कापलेलंही दिसत होतं.

"आज लापशी नाही," तो हातांनी म्हणाला.

"कालचं रागावू नकोस, पापा."

"काल कोण रागावलं होतं? मी कामात होतो."

डॉक्टरीण बोलायला लागली आणि इम्के हातांनी सांगायला लागली. तळवा कसा उघडणार, दोरी कशी काढणार, किती दिवस पट्टी. मग डॉक्टरीण धोक्यांवर आली. शीर दुखावू शकते. बोटाची संवेदना जाऊ शकते. बोट पूर्ण सरळ होईलच असं नाही. काही वेळा होत नाही, काही वेळा परत वळतं. इम्केचे हात आपोआप लहान झाले. थोडा त्रास, तिनं सांगितलं, थोडे दिवस.

म्हातारा तिच्याकडे बघत होता. "ती एवढं लांबलचक बोलली आणि तू एवढंसंच?"

"तेच सांगितलं तिनं."

"तुझं तोंड पडलंय. लहानपणी बँकेतला माणूस नाही म्हणाला की तू मला असंच सांगायचीस, बघू म्हणालाय. सगळं सांग. माझे हात आहेत."

मग तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. तो लक्ष देऊन बघत होता, मधून मान हलवत. डॉक्टरिणीनं कागद पुढे केला आणि पेन देता देता विचारलं, "हेर थामसेन, एक गोष्ट मला नेहमी विचारावी लागते. हात बरा झाल्यावर तुम्हाला सगळ्यात आधी काय करता यायला हवंय? लिहिणं, बटणं लावणं? त्याप्रमाणे व्यायाम ठरवता येतात."

इम्केनं प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. वाटलं, काहीतरी टोमणा येईल. त्यानं उजवा हात उचलून गालापाशी नेला.

बहिऱ्यांच्या घरात प्रत्येकाला हातावरचं एक नाव असतं. तोंडानं घ्यायचं ते जगासाठी, हातावरचं घरातल्यांसाठी. इम्केचं असं होतं: शेवटची दोन बोटं ताठ, आणि ती गालावरून हलकेच खाली फिरवायची. ती तान्ही असताना आई तिला तशी गोंजारायची, तेच नाव झालं. गेली दोनेक वर्षं बाप नुसती मूठ गालाला लावत होता. इम्केला वाटायचं, कंटाळा करतोय म्हातारा, अर्धवट उरकतोय.

त्यानं मूठ गालावरून खाली नेली, आणि मग पुढचं सांगितलं. डॉक्टरीण इम्केकडे बघत थांबली होती.

"सांगितलंस का?" बापानं विचारलं. त्याला ऐकू येत नाही, पण मुलीचं तोंड बंद आहे एवढं दिसत होतं. "तिला सांग. जसंच्या तसं."

दुभाष्यानं समोरच्याच्या तोंडानं बोलायचं असतं, तो म्हणेल ते 'मी' म्हणून. इम्के हे लहानपणापासून करत आली होती. तिनं डोळे पुसले आणि डॉक्टरिणीला सांगितलं, "मला माझ्या मुलीचं नाव नीट घ्यायचंय. दोन वर्षं झाली, मी ते चुकीचं घेतोय, आणि ती बिचारी तरी ओ देते."